चोरखिशातला फोन

वहिनी,

तुम्ही गेलात हे आम्ही आईंना आधी रोज सांगत होतो. त्या रोज नव्याने रडायच्या आणि दुपारची झोप झाली की पुन्हा विचारायच्या, "शैला आली नाही का गं अजून?" शेवटी दादाच म्हणाले, "नका सांगू आता. किती वेळा ऐकायचं तिने हे?" तेव्हापासून आपल्या सासूबाईंच्या लेखी तुम्ही दुकानात आहात, कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज शिवताय आणि म्हणून उशीर होतोय. मी बदलापूरचं घर बंद करून इथे अंबरनाथला येऊन राहिलेय. तुमच्या स्वयंपाकघरात तुमचे डबे उघडते, आणि मधूनच मलाही वाटतं की संध्याकाळी तुम्ही येणार आणि हळदीचा डबा जागेवर नाही म्हणून मला झापणार.

तेराव्याला माणसं खूप आली. सगळ्यांनी मिळून तुम्हाला एक शब्द बहाल केला. सोशिक. "मोठी सून फार सोशिक हो." मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते आणि ऐकत होते. सोशिक? कापड चार बोटं कमी भरलं म्हणून उल्हासनगरला कॅम्प तीनच्या भर बाजारात दुकानदाराची शोभा करणारी बाई सोशिक? नवरा, दीर आणि जाऊ एकीकडे आणि आपण एकट्या एकीकडे, असं असूनही तसूभर न हललेली बाई सोशिक? मला ट्रे खाली ठेवून सगळ्यांना गप्प करावंसं वाटलं. ते जमलं नाही, म्हणून आता लिहायला बसले. तुमची चुकीची ओळख नात्यागोत्यात पसरू नये एवढीच इच्छा आहे. तुम्ही सोशिक नव्हतात, तुम्ही हट्टी होतात. तुमच्या त्या हट्टाचा मला फार अभिमान आहे आणि हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असता, "काय हवंय तुला? सरळ सांग."

आईंचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी आपण सगळे हसण्यावारी नेत होतो. मग एक दिवस त्या डबा घेऊन निघाल्या. सासरे कारखान्यात होते तेव्हा त्या रोज त्यांचा जेवणाचा डबा गेटवर न्यायच्या, तसाच. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झालीत. पण आईंनी पोळी-भाजी भरली, पदर खोचला आणि त्या चालत गेटवर पोचल्या. तिथल्या सिक्युरिटीवाल्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि डब्यावर खरवडलेल्या आडनावावरून जुन्या कुणाला तरी विचारत दादांचा नंबर शोधला. त्यानंतर आई आठवड्यातून दोन-तीनदा निघायला लागल्या. कधी गेटकडे, कधी भाजी बाजारात, कधी शेअर रिक्षात. आपल्याकडे शेअर रिक्षात कोण कुणाला विचारतं? जागा दिसली की बसायचं, गाडी भरली की निघते.

दादा म्हणाले, दाराला बाहेरून कडी लावू. तुमचा दीर संदीप म्हणाला, लावू. मीही म्हणाले, लावू. आणि तुम्ही म्हणालात, "कोंडायला त्या काय कोंबडी आहेत?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही संदीपचा तडा गेलेला जुना फोन मागून घेतलात. कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातून जाड कापडाचे उरलेले तुकडे आणलेत आणि आईंच्या परकराला आतून चोरखिसा शिवलात. पहिला खिसा पार फसला. फोनच्या वजनाने परकर असा खाली यायला लागला की आई दोन पावलं टाकायच्या आणि नाडी ओढायच्या. मी हसून लोळले. तुम्ही शांतपणे खिसा उसवलात, पॉपलीनचा शिवलात, वरून दुसरी नाडी घातलीत, आत पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी. आई दुपारी झोपल्या की फोन चार्जिंगला. "म्हातारी झोपली की बाळाला दूध पाजायचं," असं तुम्ही म्हणायचात.

पण खरी हुशारी पुढेच होती. आई तो फोन काढून कुठेही ठेवायच्या, कधी तांदळाच्या डब्यात, कधी देव्हाऱ्यामागे. कमरेला हे काय लटकवलंय म्हणून चिडायच्या. मग तुम्ही त्या खिशात घराची किल्ली टाकलीत आणि म्हणालात, "आई, घराच्या किल्ल्या तुमच्याकडे ठेवल्यात. माझ्याच्याने होत नाही हो, तुम्हीच सांभाळा." त्या दिवसापासून आईंनी खिशाला हात लावू दिला नाही. त्या कुठेही असोत, डावा हात कमरेवर. जन्मभर कमरेला किल्ल्या बाळगलेल्या बाईला कशाने धीर येतो हे तुम्हाला कळलं. आम्हा तिघांना नसतं कळलं.

मग आपल्या दोघींच्या फोनवर आईंचा ठिपका आला. मी ऑफिसात बसून मधून मधून बघायचे. निळा ठिपका गल्लीतून निघाला, स्टेशनकडे वळला, बाजारात थांबला. एकदा तो चक्क रुळांवर उभा दिसला. मी ओरडतच तुम्हाला फोन केला. तुम्ही मशीन न थांबवता म्हणालात, "उड्डाणपुलावर आहेत त्या. मॅपला वरचं आणि खालचं कळत नाही. आता बघ, सरकतील." आणि ठिपका सरकला. त्याच दिवशी मी शेजारच्या टेबलवरच्या बाईला तुमची सगळी कहाणी सांगितली. ती म्हणाली, "तुझी जाऊ ना? आणि तू कौतुक करतेस?" तिच्या लेखी हे विपरीतच होतं. त्यानंतर ऑफिसात कुणाचेही आजी-आजोबा विसरायला लागले की माणसं माझ्याकडे खिशाचं माप विचारायला यायची, आणि मी ऐटीत सांगायचे.

आता तो पेटीकोटचा दिवस. तो आठवला की अजून मला हसू येतं आणि पाठोपाठ मी फोनवर ठिपका शोधते.

आईंच्या एका परकराचा खिसा उसवला होता म्हणून तुम्ही तो दुकानात नेलात. फोन आतच राहिला. तिथे कॅम्प तीनमधल्या त्या सिंधी भाभींचे पेटीकोट तयार होऊन पडले होते, रंगही तोच. त्यांचा माणूस आला आणि गठ्ठा घेऊन गेला. इकडे आई घरात नाहीत. तुम्ही फोन बघितलात, मी फोन बघितला, ठिपका उल्हासनगरच्या दिशेने सुसाट. आपल्याला वाटलं, आई रिक्षात बसल्या. तुम्ही अंबरनाथहून निघालात, मी बदलापूरहून.

त्या दिवशी कॅम्प तीन आपण दोघींनी पालथा घातला. मॅप म्हणे, "तुम्ही पोहोचला आहात," आणि समोर जीन्सचा डोंगर. त्या डोंगरामागे पोरं बटणं ठोकत बसलेली. पुन्हा म्हणे, "डावीकडे वळा," आणि डावीकडे भिंत. तुम्ही प्रत्येक दुकानात शिरून विचारत होतात, "बूढी अम्मा देखी क्या? हरी साडी, हाथ कमर पे?" मी मागून ठिपका सांगत होते, पुढे, नाही, मागे, आता वर. शेवटी ठिपका एका घरातच आहे अशी खात्री पटली. तुम्ही म्हणालात, "रिंग दे." मी दिली. दार उघडलं आणि त्या भाभी हातात एक पेटीकोट लांब धरून उभ्या, जणू त्यात पाल शिरलीय. "अदी, मेरी बहन, ये आपने क्या सिला है? पेटीकोट बज रहा है!"

तुम्ही आधी त्या पेटीकोटकडे बघितलंत, मग माझ्याकडे. क्षणभर मला वाटलं तुम्ही हसणार. पण तुमचा चेहरा पांढरा पडला होता. कारण पेटीकोट सापडला होता, आई कुठे होत्या?

आई अंबरनाथलाच, भाजी बाजारात. कोपऱ्यावरच्या भाजीवालीजवळ गोणपाटावर बसून तिची मेथी निवडून देत होत्या. आपण धापा टाकत पोचलो तर ती म्हणाली, "मी सोडलं नाय आजीला. म्हटलं, कोनतरी येलच. सगली मेथी निवडली बघा त्यांनी." आईंनी आपल्याकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "एवढा उशीर? चला, घरी पोरं उपाशी असतील."

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. मी सगळ्यात मोठ्याने बोलले. म्हटलं, पुरे झाला हा पोरखेळ, आज मेथी निवडत बसल्या म्हणून सापडल्या, उद्या रिक्षाखाली आल्या तर? दादा म्हणाले, वर्षा बरोबर बोलतेय. तुम्ही भाकऱ्या थापत होतात. थापता थापताच म्हणालात, "आल्या तर माझ्यावर. लिहून देऊ का?" मी म्हणाले, "तुमच्यावर घेऊन आई परत येणार आहेत का?" तुम्ही पुढची भाकरी थापायला घेतलीत. वहिनी, त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला कधीच दिलं नाहीत. माझा प्रश्न बरोबर होता, आजही आहे. भेटलात तर पुन्हा विचारेन.

आवराआवर झाल्यावर गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना तुम्ही एक गोष्ट सांगितलीत. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा तुम्हाला शिवणाचं दुकान टाकायचं होतं. घरात, भावकीत सगळ्यांनी नाकं मुरडली. आईंनी काही व्याख्यान दिलं नाही. फक्त पहिल्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा त्या दारात उभ्या राहिल्या आणि कोणी विचारायच्या आत म्हणाल्या, "तिला कामं असतात." बस. त्यानंतर कधीही, एकदाही त्यांनी तुम्हाला विचारलं नाही, कुठे चाललीस, केव्हा येशील. तुम्ही म्हणालात, "वर्षा, या घरातून बाहेर पडताना मला कधी मान खाली घालावी लागली नाही ती यांच्यामुळे. आता त्या बाहेर पडतात तर मी कडी घालू?"

मी वाळलेले कपडे घेऊन आत आले. पण सांगते, त्या रात्री घरी जाताना मला वाटलं होतं की या बाईची जाऊ होणं ही काही साधी गोष्ट नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आईंच्या प्रत्येक परकराला खिसा शिवलात आणि भाजीवाली, रिक्षा स्टँड, गेटवरचा सिक्युरिटीवाला, स्टेशनरीचं दुकान, सगळीकडे जाऊन बजावून आलात, "आमच्या आई फिरायला निघतात. अडवायचं नाही. लांब चालल्यात असं वाटलं तर फोन करायचा." मदत मागायला गेल्यासारखं नव्हे, हक्काने. स्टँडवरचा एक जण मला परवा म्हणाला, "आपकी जेठानी ने तो हमको ड्यूटी पे लगाया था." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग तुम्ही गेलात. काही सूचना नाही, काही आजारपण नाही. जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी ते इथे लिहिणार नाही.

त्याच गडबडीत संदीपचा तो तडा गेलेला फोनही बंद पडला. संदीपने तुमचा फोन आईंच्या खिशात ठेवला आणि माझ्या फोनला जोडून दिला. नाव बदलायचं त्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याने बदलवलं नाही. वहिनी, तुम्ही जन्मात कुणाला स्वतःचं लोकेशन दिलं नाहीत. दादांनी एकदा मागितलं तर म्हणालात, "मी हरवलेली नाही." आणि आता माझ्या फोनवर 'शैला वहिनी' असं लिहिलेला ठिपका सकाळी बाजारात जातो, दुपारी गेटवर जातो. पहिल्या दिवशी मला बघवलं नाही. आता मी ऑफिसला रजा टाकून दिवसभर तेवढंच बघते.

परवा दादांनी बाहेरून कडी ठोकून घेतली. मी म्हणाले, "दादा, वहिनींना हे चाललं नसतं." ते म्हणाले, "तूच म्हणत होतीस ना कडी लाव म्हणून?" मी म्हणाले, "म्हणत होते." मग ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. "एक गेली, वर्षा. आता हिला शोधत फिरायची ताकद नाही माझ्यात." मलाही तीच भीती होती.

काल मी दूध आणायला खाली गेले होते. परत आले तर कडी घातलेली. दादा काही कागदपत्रांसाठी बाहेर पडताना घालून गेले असणार. आणि आतून हलकेच टकटक येत होती. धडाधड नाही. शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी, अदबीने. मग आईंचा आवाज. "कुणी आहे का हो? दार बाहेरून लागलंय. माझं काही चुकलं का?"

मी कडी काढली. आई चपला घालून, पदर खोचून तयार होत्या. डावा हात कमरेवर. म्हणाल्या, "शैलाकडे जाऊन येते." मी दारातून बाजूला झाले.

त्या गेल्यावर पाचेक मिनिटांत मीही निघाले, ठिपक्याच्या मागोमाग. त्या कुठे रेंगाळल्या नाहीत, तडक तुमच्या दुकानावर. शटर बंद. आई पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"ही कुठं गेली गं दुकान टाकून?"

"येतील, आई."

"तू त्या फोनात सगळ्यांना बघतेस ना? मग तिला बघ की."

मी फोन उघडला. तुमच्या नावाचा ठिपका तुमच्याच दुकानाच्या पायरीवर, माझ्या ठिपक्याला चिकटून. मी आईंना दाखवला. "इथेच दाखवतंय," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, त्यांना त्यात नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "मग असेल कुठं आसपास. तू हो पुढं. मी तिला घेऊनच येते."

वहिनी, मी उठले. समोर रस्ता, रिक्षा, टेम्पो, बाइकवाले, सगळं होतं. मी ज्याला भीत होते ते सगळं तिथे होतं. स्टेशनरीवाल्याने लांबून मला हात केला, मी आहे म्हणून. मी आईंना म्हणाले, "सावकाश या," आणि घराकडे चालायला लागले. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा बघितलं.

घरी दादा आले होते. उघडी कडी आणि रिकामं घर बघून दारातच उभे होते. "आई कुठंय?" मी म्हणाले, "वहिनींच्या दुकानावर. येतायत." ते चप्पल घालायला वळले. मी म्हणाले, "दादा, बसा. बघा." आणि फोन त्यांच्या हातात दिला. मग त्यांना सांगितलं, आतून आई काय म्हणत होत्या ते. जसंच्या तसं. ते फोनवर तुमचं नाव वाचत बसले.

ठिपका बराच वेळ हलला नाही. मग हलला आणि उलट्या बाजूला, भाजी बाजाराकडे निघाला. दादा उठले. मी म्हणाले, "थांबा." माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. ठिपका बाजारात शिरला, थांबला. पुन्हा निघाला. कोपऱ्यावर आला. आणि आपल्या गल्लीत वळला. तुमचं नाव घेऊन आई घराकडे चालत येत होत्या, माझ्या आयुष्यात मी इतकी छान चाल कुणाची बघितली नाही.

दादांनी फोन माझ्याकडे दिला, आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. जिन्यावर आईंची पावलं वाजली तेव्हा शेवटचा स्क्रू निघत होता. आई वर आल्या, हातात मेथीची जुडी. "शैला येतेय मागून," त्या म्हणाल्या आणि दादांना ओलांडून आत गेल्या.

दादा तसेच उभे, कडी हातात. "ही कुठं ठेवू?"

"भंगारात," मी म्हणाले, आणि शपथ सांगते वहिनी, आवाज तुमचा निघाला.